पिवळा उंबरठा

"साके पडले," असं मालधक्क्यावरचा एक हमाल धावत येऊन म्हणाला, तेव्हा मी फोर्कलिफ्टवरूनच त्याच्यावर खेकसलो, की जरा शुद्धीवर राहून बोल. साके पडत नसतात. आमच्या पिठाच्या गिरणीत एक वेळ भिंत पडेल, पण पन्नास किलोचं पोतं पाठीवर घेतलेले साके पडायचे नाहीत. त्यांचं पूर्ण नाव सागिंदिक. थोरल्या माणसाचं नाव आम्ही मानानं आखडतं करतो, म्हणून साके. हमालांचे मुकादम. मुकादमानं पोती उचलायची काही गरज नसते, पण मालगाडीचा डबा लागला की पहिलं पोतं त्यांच्याच पाठीवर असायचं, आणि मागची तरणीताठी पोरं त्यांच्या चालीवर चाल धरायची.

जाऊन बघतो तर खरंच पडले होते. दार आणि डबा यांच्यामधल्या लोखंडी पत्र्यावर, एक पाय भलत्याच दिशेला, अंगावर फुटलेल्या पोत्याचं पीठ. तोंडातून हूं नाही की चूं नाही. मला बघून म्हणाले, "काल्दिबेक, आधी बाकीची पोती आत घ्यायला सांग. बर्फ भुरभुरतंय, पीठ भिजेल." असा माणूस. मला तिथंच रडू फुटलं, आणि ते लपवायला मी दिसेल त्याला शिव्या घातल्या.

खुब्याचं हाड मोडलं होतं.

त्या हिवाळ्यात धक्क्यावर पडलेले ते काही पहिले नव्हते. थंडीच्या तोंडावर तिथलं जुनं दार काढून परदेशातलं नवं दार बसवलं, तेव्हापासून हे सुरू झालं होतं. एकाचे पुढचे दात गेले, एकाचा खांदा निखळला. पण ती पोरं. पोरं धसमुसळी असतात, मोबाइलमध्ये बघत चालतात, असं म्हणून आम्ही सगळ्यांनी त्यांनाच बोल लावला. खुद्द साकेंनीही लावला. आता साकेच पडल्यावर कोणाला बोल लावणार?

डायरेक्टरला मात्र ते लगेच सुचलं. त्याचं नाव झारास. आमच्याच गावचा, साकेंच्या गल्लीत लहानाचा मोठा झालेला. वाईट माणूस नाही, उगाच कशाला म्हणू. पण ते दार त्यानंच पसंत केलं होतं आणि वरच्या ऑफिसात त्याचे गोडवे गायले होते. त्यामुळे दाराला नाव ठेवायचं म्हणजे स्वतःलाच ठेवायचं. तो म्हणाला, "आदल्या संध्याकाळी काल्दिबेककडे जेवण होतं ना? म्हातारा तिथं घेऊन बसला असेल. नाचता येईना अंगण वाकडं."

जेवण माझ्याकडे होतं, हे खरं. बाटल्याही होत्या, खोटं कशाला बोलू. पण साकेंनी पेला पालथा घातला होता आणि जेवण होईपर्यंत दूध घातलेला चहाच पीत बसले होते. तरुणपणी ते प्यायचे, भरपूर प्यायचे, आणि मग एक दिवस सोडली ती सोडलीच. पण गावाला सोडलेली आठवत नाही, प्यायलेलीच आठवते. बघता बघता बाजारात, दवाखान्यात, बस थांब्यावर तेच सुरू झालं, की सागिंदिकनं परत धरली म्हणे. एकदा कानफाट्या नाव पडलं की पडलं.

मोडलेलं हाड साकेंनी निमूट सोसलं. हे मात्र त्यांना सोसेना. घरी आणल्यावर भिंतीकडे तोंड करून पडून राहायचे. त्यांची बायको, मला थोरल्या वहिनीसारखी, म्हणून मी तिला झेंगे म्हणतो, मला दाराशी गाठून म्हणाली, "पाय बरा होईल रे. पण ह्यांनी मनाला लावून घेतलंय. बाउरसाक तळले तरी हात लावत नाहीत." बाउरसाक म्हणजे आमच्याकडचे आंबवलेल्या पिठाचे तळलेले गोळे.

त्यात माझ्या घरी दुष्काळात तेरावा महिना. माझा नातू उभा राहायला लागला होता. मूल पहिली पावलं टाकायला लागलं की त्याच्या पायांना काळ्या-पांढऱ्या दोरीची सैल बेडी बांधायची आणि ती सुरीनं कापायची, म्हणजे पुढे जन्मभर ते ठेचकाळत नाही, अशी आमची रीत. कापणारा माणूस पारखून घेतात, कारण मूल त्याच्यासारखं चालतं. नातू जन्मला त्याच दिवशी मी साकेंना सांगून ठेवलं होतं. आता सुनेची आई फोनवर म्हणते, "व्याही, दारू पिऊन पडलेल्या माणसाच्या हातून पोराची दोरी कापून घेणार होय तुम्ही?" मी फोन आपटला. मग विहिणीशी असं वागतात का म्हणून बायकोनं मला धुतलं.

आता कामशातबद्दल सांगतो. ही आमच्या गिरणीतली सेफ्टी इंजिनिअर. शहरातली, चाळिशीची, एकटीच राहायची. आम्ही तिला पट्टीबाई म्हणायचो, कारण दिसेल तिथं ती पिवळ्या पट्ट्या मारायची. इथून चाला, इथे थांबा, इथे डोकं सांभाळा. पोरं म्हणायची, एका जागी फार वेळ उभे राहू नका, बाई तुम्हालाही रंगवून जातील. नव्या दाराचा उंबरठा पिवळा केला तोही तिनंच. अपघाताच्या अहवालावर सही तिची लागणार होती. मला वाटलं, ही कागदी बाई, डायरेक्टर बोट दाखवील तिथं सही ठोकेल. म्हणून मी तणतणत तिच्या खोलीत शिरलो.

"केलीत सही?"

"नाही," ती म्हणाली.

"का नाही?" मी भांडायलाच गेलो होतो, त्यामुळे मला थांबताच येईना.

"माणूस पडला एवढं कळलंय. का पडला ते कळलं नाही. मग लिहू काय?" मग माझ्याकडे नीट बघून, थोरल्या माणसाला देतात तशी मानाची हाक देत म्हणाली, "बसा आगा. ओरडायचं असेल तर बसून ओरडा. तुमच्या पायाशी रंगाचे डबे आहेत, अडखळाल."

मी बसलो. ओरडायचं काही राहिलंच नाही.

त्यानंतर ती धक्क्यावर येऊन उभी राहायला लागली. आमच्याकडचा स्टेपवरचा, झाड ना झुडूप अशा माळावरचा वारा काय असतो ते ज्यानं खाल्लाय त्यालाच माहीत. नाकाचा शेंडा पांढरा पडेपर्यंत ही उभी. पत्रा झाडून घेतला, त्यावर मीठ टाकलं, एकेकाच्या बुटांचे तळ उलटे करून बघितले. तरी दिवसाकाठी कोणाचा ना कोणाचा पाय सटकायचाच. पोरं कुजबुजायची, बाईंना थंडी बाधली. मीही हसलो असेन.

एक दिवस ती म्हणाली, "माझ्या पाठीवर पोतं द्या."

कोणी देईना. बाईमाणसाच्या पाठीवर पोतं द्यायचं म्हणजे काय. शेवटी मीच एक पोतं निम्मं रिकामं करून तिच्या पाठीवर ठेवलं. ती वाकून, आमच्यासारखीच झुलत निघाली, दाराशी पाय उचलला, टाच पलीकडच्या पत्र्यावर पडली आणि धाडकन गेली. पोतं एकीकडे, ती एकीकडे.

आम्ही सगळे धावलो. "कोणी हात लावू नका," ती म्हणाली. मनगट छातीशी धरलं होतं, केसांत पीठ, पापण्यांवर पीठ. पण तिचं लक्ष मनगटाकडे नव्हतं. तशीच पत्र्यावर बसून ती दाराकडे बघत होती, खालून, मूल बघतं तसं.

"हा उंबरठा मी कधी रंगवला?" तिनं विचारलं.

"थंडीच्या आधी. दार बसवलं तेव्हा," मी म्हणालो.

"आणि आतल्या जमिनीवरच्या पट्ट्या?"

"त्याच दिवशी."

जमिनीवरच्या पट्ट्यांचा आता मागमूसही नव्हता, बुटांनी घासून पार गेल्या होत्या. उंबरठ्यावरचा रंग मात्र काल लावावा तसा. वीतभर उंच, पाऊलभर रुंद लोखंडी उंबरठा, त्यावर पाय धरून ठेवायला खोल खाचा, आणि त्या खाचांतसुद्धा रंग जसाच्या तसा. त्याच्या पलीकडे उतरत्या पत्र्यावर, जिथं आमच्या सगळ्यांच्या टाचा पडायच्या, तिथं लोखंड झिजून गुळगुळीत चकचकीत झालं होतं.

ज्यानं ते दार बनवलं त्यानं त्याच्या परीनं नीट विचार केला होता. माणूस खाचांवर पाय देईल, पाय तिथं धरेल, मग दुसरं पाऊल जपून पत्र्यावर टाकील. त्याचं काही चुकलं नव्हतं. तो फक्त आमच्यात जन्मला नव्हता.

"यावर तुम्ही पाय का देत नाही?" कामशातनं हमालांना विचारलं.

त्यांनी एकमेकांकडे बघितलं. हा काय प्रश्न झाला? शेवटी दात गेलेला पोरगा म्हणाला, "बाई, उंबरठा आहे तो."

"हो ना," ती म्हणाली. "मी पण नाही दिला." आणि हसायला लागली, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. ते हसण्याचं होतं की मोडलेल्या मनगटाचं, ते मला कळलं नाही.

उंबरठ्यावर पाय म्हणजे घरधन्याच्या मानेवर पाय, असं माझी आई म्हणायची. लहानपणी एकदाच मी तिच्यासमोर पाय दिला, तेव्हा तिनं पळीनं माझी नडगी अशी शेकली की आजही उंबरठा दिसला की पाय आपोआप वर होतो. मला विचारावंही लागत नाही. तसंच साकेंचं, तसंच पोरांचं. पाठीवर पोतं असताना ढांग टाकून लोखंड ओलांडायचं आणि सगळा भार एका टाचेवर, तोही पीठ सांडलेल्या उतारावर. रोज आम्ही तिथून जात होतो आणि डोळे असून आंधळे होतो. तीही आमच्यातलीच, म्हणून तिलाही दिसलं नव्हतं. पण पडल्यावर आपली शोभा झाली याचा विचार न करता आपण कुठं पडलो ते बघत बसणारं माणूस मी जन्मात पहिल्यांदा बघितलं. त्या दिवसापासून तिला पट्टीबाई म्हणणाऱ्याला मी बघून घ्यायचो.

मनगट प्लास्टरमध्ये घालून ती डायरेक्टरकडे गेली. मलाही बरोबर नेलं. झारासनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "सोपं आहे. आजपासून सगळ्यांनी उंबरठ्यावर पाय देऊन जायचं. तशी पाटी लावा."

"लावून बघितली," कामशात म्हणाली. "आगा, तुम्हीच सांगा."

मी सांगितलं. मी स्वतः दिवसभर करून बघितलं होतं. रिकाम्या हातानं, खाली बघत, मनाशी दहादा घोकलं तर पाय कसाबसा टेकतो, आणि अंगावर काटा येतो. पाठीवर पोतं आलं की पाय आईचंच ऐकतो.

"मग ही तुमची अंधश्रद्धा," झारास म्हणाला. "त्यात दाराचा काय दोष? आणि साकेंचं म्हणाल तर सगळं गाव काय खोटं बोलतंय?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी तोंड उघडणार, एवढ्यात कामशातनं चांगल्या हातानं माझी बाही धरली. "ठीक आहे," ती शांतपणे म्हणाली. "तुम्ही म्हणता तसं लिहिते, म्हातारा प्यायला होता. पण आपल्यात थोरल्या माणसावर पाठीमागे आळ घेत नाहीत. तुम्ही त्यांना अजून बघायलाही गेला नाहीत. घरी जा, तोंडावर सांगा. ते हो म्हणाले की मी सही करते."

झारासचा चेहरा उतरला. गल्लीतला थोरला माणूस अंथरुणाला खिळलाय आणि आपण अजून फिरकलो नाही, हे त्यालाही आतून टोचत असणार. "उद्या सकाळी जाऊ," तो म्हणाला.

बाहेर आल्यावर मी तिच्यावर तोंड सोडलं. सही करते म्हणता, साकेंच्या तोंडावर त्याला हे बोलायला लावता, लाज नाही वाटत? तिनं सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाली, "उद्या गाडी तुम्ही चालवा."

सकाळी झारास आजाऱ्याला भेटायला जातात तसा दोन्ही हात भरून आला. एका हातात सफरचंदांची पिशवी, दुसऱ्यात मिठाईचा खोका. बाहेरच्या पडवीत आम्ही बूट काढले. झेंगेनं आतलं दार उघडलं. तिच्या हातात फरशी पुसायचं ओलं फडकं होतं. आमच्याकडे बर्फ आत येऊ नये म्हणून उंबरठे उंच असतात, तसा त्यांचाही आहे.

झारासनं खाली न बघता, पाय चांगला वर उचलून, रीतसर उंबरठा ओलांडला. पायमोजा ओल्या फरशीवर टेकला आणि सुटला. सफरचंदं घरभर. तो खुंट्यांवरच्या कोटांना लोंबकळला म्हणून वाचला.

कोणी हसलं नाही. खाटेवर साकेंनी भिंतीकडचं तोंड फिरवलं होतं आणि ते त्याच्याकडे बघत होते. बऱ्याच दिवसांनी त्यांच्या डोळ्यांत धुगधुगी दिसली.

"झारास," ते म्हणाले, "सकाळी सकाळीच घेतलीस का रे पोरा?"

"नाही साके. आईची शपथ, थेंब नाही."

"मग पडत होतास कशानं?"

झारासनं खाली बघितलं. आधी उंबरठा, मग ओली फरशी, मग आपला पाय.

"मी पण नव्हती घेतली," साके म्हणाले.

झारास गुडघ्यांवर बसून सफरचंदं गोळा करायला लागला. खाटेखालची, कपाटाखालची, एकूण एक. त्याला वर बघायचं नव्हतं, हे लहान मुलालाही कळलं असतं. सगळी गोळा झाल्यावर तो खाटेजवळ गेला आणि त्यानं साकेंचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला. "अंगणच वाकडं होतं, साके," तो म्हणाला. "माझं चुकलं. मी गावात सांगेन."

त्यानं सांगितलंही, ते मान्य करायला हवं. बाजारात जाऊन, स्वतःच्या तोंडानं. झेंगेनं त्या दिवशी बाउरसाकाचा आख्खा थाळा पुढे केला आणि साकेंनी तो एकट्यानं संपवला. फरशी नेमकी तेव्हाच कशी ओली होती, हे मी नंतर दोघींना विचारलं. झेंगे म्हणते, मी रोजच सकाळी पुसते. कामशात म्हणते, झेंगेला विचारा.

धक्क्यावरचा उंबरठा कापून काढला, उतार बुजवला, पत्रा खरबरीत केला. त्यानंतर कितीतरी दिवस सगळे हमाल तिथं आले की नसलेल्या उंबरठ्यावरून पाय उचलायचे. पण आता टाच जमिनीवर धरायची. साके कुबड्या घेऊन धक्क्यावर परत आले. खुर्चीत बसून पोरांना शिव्या घालतात, आणि काम पहिल्यापेक्षा बरं चालतं.

बर्फ वितळल्यावर माझ्या नातवाची दोरी कापायचं ठरलं. अंगणात पांढरं कापड अंथरलं. विहीणबाई सुनेच्या माहेरचा सगळा गोतावळा घेऊन आल्या होत्या, झारासही आला होता. मी सगळ्यांदेखत सुरी साकेंच्या हातात दिली. त्यांनी ती घेतली, बोटानं धार बघितली आणि वळून कामशातपुढे धरली.

"साके, मी नको," ती ओशाळून म्हणाली. "मी तर सगळ्यांसमोर पडले होते."

"म्हणून तर," साके म्हणाले. "पडलो तेव्हा मी डोळे मिटले. तू उघडे ठेवलेस. पोराला तुझ्यासारखं चालू दे."

तिनं दोरी कापली. नातू कापडावर निघाला, एक पाऊल, दोन पावलं, आणि कापडाच्या चुणीत पाय अडकून धप्प. मी उचलायला धावलो, तर कामशात म्हणाली, "आगा, हात लावू नका." नातू बसला, चुणीकडे बघितलं, तिच्यावर एक चापट मारली आणि दोन्ही हात टेकून उठायला लागला.

"बघा, पडलाच शेवटी," विहीणबाई पुटपुटल्या.

"पडला तर पडला, विहीणबाई," साके म्हणाले. "प्यायलेला तर नाही ना."